शिंगाचे धनुष्य : यलोस्टोनच्या डोंगरातील एका कारागिरीची कथा

शारंगधर हे देवाचे नाव आपल्या सर्वांच्या कानावरचे आहे. भजनात, नामावळीत ते येते. सारंगपाणी हे नाव त्याच्याच जोडीचे. विदर्भात मेहकर येथे शारंगधर बालाजीचे प्रसिद्ध देऊळ आहे. नाव ओठावर असते, पण त्याचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो. संस्कृतात शिंगाला शृंग म्हणतात आणि शृंगापासून केलेले ते शार्ङ्ग. विष्णूच्या धनुष्याचे हे नाव. म्हणजे शारंगधर याचा साध्या मराठीत अर्थ झाला, शिंगाचे धनुष्य धरणारा.

वर्गात हा अर्थ सांगितला की मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. शिंग तर वाकडे असते आणि कडकही असते, मग त्याचे धनुष्य होते कसे? आम्ही प्राथमिक शाळेत मराठी शिकवणारी माणसे. शस्त्रविद्या आमचा विषय नव्हे. पण मुलांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे म्हणून वाचत गेलो आणि वाचता वाचता भारतातून थेट अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत जाऊन पोचलो. आज आपली कितीतरी मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी अमेरिकेत आहेत. ती यलोस्टोनचे राष्ट्रीय उद्यान पाहून येतात आणि वाफेच्या कारंज्यांचे फोटो घरी पाठवतात. त्याच डोंगरात एके काळी शिंगाची धनुष्ये करणारे लोक राहत होते. त्यांची हकीकत गिरमिटावर आलेल्या माणसांच्या वंशजांनी वाचावी अशी आहे. ती का, ते लेखाच्या शेवटापर्यंत वाचकांना कळेल.

शिंग, लाकूड आणि सरस

आधी आपल्याकडचे पाहू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यांचे प्रकार त्यांच्या साहित्यावरून दिले आहेत : ताडाचे, बांबूचे, लाकडाचे आणि हाडाचे किंवा शिंगाचे. म्हणजे शार्ङ्ग ही केवळ पुराणातली कल्पना नाही, शस्त्रागारात ठेवायची वस्तू होती. पुढे तुर्क, मोगल यांच्या काळात भारतात जी आखूड, दोन्ही टोकांना उलट वळलेली धनुष्ये दिसतात, तीही याच जातीची. त्यांत मधे लाकडाची पातळ पट्टी असते, आतल्या बाजूने म्हशीच्या शिंगाची पट्टी आणि बाहेरच्या बाजूने जनावराच्या स्नायूचे तंतू. हे सगळे सरसाने चिकटवलेले असते.

यामागचे कारण मुलांना समजावताना आम्ही वेताची छडी वाकवून दाखवतो. छडी वाकली की तिची आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची बाजू ताणली जाते. साधे लाकूड फार वाकवले तर बाहेरच्या बाजूने तडकते. शिंगाचा गुण असा की ते दाब उत्तम सोसते. स्नायूच्या तंतूचा गुण असा की तो ताण उत्तम सोसतो. म्हणून धनुष्य ओढणाऱ्याकडच्या बाजूला शिंग आणि लक्ष्याकडच्या बाजूला स्नायू. अशी जोडी जमली की तीन फुटांचे धनुष्यही पुष्कळ वाकते आणि मोडत नाही.

या धनुष्याचा एक शत्रू आहे, ओल. सरस ओलाव्याने सैल पडतो. म्हणून कोरड्या मुलखात ते उत्तम टिकते आणि चार महिने पाऊस कोसळणाऱ्या मुलखात त्याची फार काळजी घ्यावी लागते. भारतात पोलादाचीही धनुष्ये झाली, त्याचे हे एक कारण. आपल्या सह्याद्री-सातपुड्यातल्या भिल्ल बांधवांचा तिरकमठा बांबूचा असतो आणि त्याची दोरीही पुष्कळदा बांबूच्या सालीची असते. ज्या त्या मुलखातल्या माणसाने हाताशी असेल त्यातून आणि हवेला टिकेल असेच घडवले.

शिंगाचे काम मात्र कोकणाला परके नव्हते. विजयदुर्गच्या बाजूला शिंगाच्या शोभेच्या वस्तू करणारे कारागीर होते. शिंगाला खोबरेल तेल चोळायचे, आगीवर शेकायचे, मऊ झाले की हवा तो आकार द्यायचा आणि थंड होऊ द्यायचे. थंड झालेले शिंग मिळालेला आकार सोडत नाही. हे एवढे लक्षात ठेवून आता अमेरिकेकडे वळू, कारण तेथील कारागिरांनीही शिंगाचा हाच गुण ओळखला होता.

मेंढे खाणारे लोक

अमेरिकेच्या पश्चिम भागात रॉकी पर्वताची रांग आहे. आजच्या वायोमिंग, आयडाहो आणि मोंटाना या राज्यांच्या डोंगरांत शोशोनी लोकांच्या काही टोळ्या राहत. शोशोनी लोकांत टोळीचे नाव तिच्या मुख्य अन्नावरून पडे. नदीकाठी सामन मासे खाऊन राहणारे ते अगाइदिका, म्हणजे मासे खाणारे. उंच डोंगरात राहून रानमेंढ्याची शिकार करणारे ते तुकुदिका, म्हणजे मेंढे खाणारे. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचे नाव 'शीप ईटर' असे आले आहे.

हा रानमेंढा आपल्या ओळखीच्या मेंढ्यासारखा नसतो. त्याला इंग्रजीत 'बिगहॉर्न', म्हणजे मोठ्या शिंगांचा, असे म्हणतात. पूर्ण वाढलेल्या नराची शिंगे कानामागून वळून गालापर्यंत पुढे येतात आणि जोडीचे वजन तेरा-चौदा किलोपर्यंत भरते. तुकुदिका लोक हा मेंढा कड्याकपारींतून हाकत आणि लाकडी ओंडके रचून केलेल्या कुंपणात आणून त्याची शिकार करत. अशा कुंपणांचे अवशेष वायोमिंगच्या डोंगरांत सापडले आहेत. शिकारीला आणि ओझे वाहायला त्यांच्याकडे कुत्रे असत. मैदानातल्या टोळ्यांनी घोडे धरले, पण यांनी बहुतेक कुत्र्यांवरच भागवले, कारण उंच डोंगरात घोड्यापेक्षा कुत्राच कामाचा. भांडी ते मऊ दगडातून कोरून काढत. त्यांच्या बायका कातडी कमावण्यात फार निष्णात होत्या. त्यांनी कमावलेल्या मेंढ्याच्या आणि हरणाच्या मऊ कातड्यांना व्यापारात चांगली मागणी होती.

बाणांच्या टोकांसाठी लागणारा दगडही तिथेच होता. यलोस्टोनमध्ये ऑब्सिडियनचा, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेचा, एक मोठा कडा आहे. हा दगड फुटला की त्याला वस्तऱ्यासारखी धार येते. युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी शतके आधी या कड्याचा दगड पूर्वेला ओहायोपर्यंत गेला होता, हे उत्खननांतून सिद्ध झाले आहे.

वाकडे शिंग सरळ कसे झाले

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आधी एक फरक समजून घेतला पाहिजे. मराठीत आपण सांबराच्या डोक्यावरच्यालाही शिंग म्हणतो आणि म्हशीच्या डोक्यावरच्यालाही. पण दोन्ही वस्तू वेगळ्या. सांबराचे शिंग हे हाड असते, दर वर्षी गळते आणि पुन्हा येते. म्हशीचे, मेंढ्याचे शिंग हे आपल्या नखांच्या जातीचे असते. आत हाडाचा गाभा आणि वरून शिंगाची टोपी. ती गळत नाही, जनावराबरोबर वाढत जाते. उष्णतेने मऊ होते ती ही टोपी. अमेरिकेत दोन्ही प्रकारांची धनुष्ये होत. एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिंगाची होत आणि रानमेंढ्याच्या शिंगाची होत. मेंढ्याच्या शिंगाच्या धनुष्याला अधिक मान होता.

एका नराची दोन शिंगे घ्यायची. ती तापवून मऊ करायची. निखाऱ्यांच्या धगीवर हे काम होई, आणि यलोस्टोनच्या गरम झऱ्यांचाही त्यासाठी उपयोग होई, असे सांगतात. शिंग मऊ झाले की वळण थोडे उलगडायचे, पुन्हा तापवायचे, पुन्हा उलगडायचे. घाई केली तर शिंगाला चीर जाते आणि चीर गेलेले शिंग धनुष्याच्या उपयोगाचे राहत नाही. असे करत करत पिळदार शिंगाची सपाट, लांब पट्टी होते. मग ती दगडाच्या धारेने खरवडायची. मुठीकडे जाड आणि टोकाकडे पातळ असा उतार दोन्ही पट्ट्यांना अगदी सारखा यायला हवा, नाहीतर धनुष्याची एक बाजू आधी वाकते आणि बाण भलतीकडे जातो.

पुढची पायरी जोडाची. दोन्ही शिंगांची जाड टोके मधोमध एकमेकांना भिडवून सरसाने चिकटवायची आणि वरून ओल्या कच्च्या कातड्याच्या वादीने आवळायची. कच्चे कातडे सुकताना आकसते, त्यामुळे जोड आपोआप घट्ट बसतो. त्यानंतर पाठीवर स्नायूच्या तंतूंचे थर. एक थर सुकल्यावर दुसरा. तंतू सुकताना आकसतात आणि शिंगाला मागे ओढतात. म्हणून दोरी काढलेले असे धनुष्य उलट्या दिशेने कमान करून बसते. हे सगळे काम दोन-तीन महिने चाले. त्यात सुकण्याची वाट पाहण्यात जाणारा वेळच फार.

तयार धनुष्य साधारण तीन फुटांचे, म्हणजे चौथीतल्या मुलाच्या छातीपर्यंत येईल एवढे. पण जोर असा की त्याने रानमेंढ्याची आणि एल्कची शिकार होई. शेजारच्या टोळ्या असे एक धनुष्य मिळवायला अनेक घोडे देत. ज्यांच्यापाशी फारसे घोडे नव्हते, त्या लोकांच्या हातच्या वस्तूची किंमत घोड्यांत होत होती.

ईशी आणि डॉक्टर पोप

तंतू आणि सरस यांच्या कामाचे बारीक वर्णन आपल्याला एका वेगळ्या माणसामुळे मिळते. तो तुकुदिका नव्हता, कॅलिफोर्नियातील याही टोळीचा होता. त्याचे धनुष्यही शिंगाचे नव्हते, लाकडाचे होते. पण पाठीवर स्नायू चढवण्याची रीत त्याच कुळातली, म्हणून त्याची आठवण येथे काढली पाहिजे.

वसाहत करणाऱ्या गोऱ्या लोकांनी केलेल्या कत्तलींत याही टोळी नष्ट झाली. १९११ मध्ये तिच्यातला शेवटचा माणूस एकटाच डोंगरातून खाली आला. त्याने आपले खरे नाव कुणाला सांगितले नाही. विद्यापीठातल्या विद्वानांनी त्याला ईशी म्हटले. त्याच्या भाषेत ईशी म्हणजे माणूस. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ-संग्रहालयात तो पुढे राहिला. तेथे सॅक्स्टन पोप नावाचे डॉक्टर त्याचे मित्र झाले आणि त्याच्याजवळ बसून धनुष्य करायला शिकले. १९१६ मध्ये ईशी क्षयाने वारला. दोन वर्षांनी पोप यांनी याही लोकांच्या धनुर्विद्येवर पुस्तिका लिहिली.

त्यांनी लिहून ठेवल्याप्रमाणे ईशी हरणाच्या पायाच्या शिरा घेई, त्या दातांनी चावून मऊ करी आणि तंतू वेगळे करी. सरस तो सामन माशाचे कातडे उकळून करी. धनुष्याची पाठ खरखरीत करून तिच्यावर सरस लावायचा, तंतूंची टोके एकमेकांवर चढवत थर द्यायचा, वरून झाडाच्या सालीची पट्टी गुंडाळून काही दिवस सुकू द्यायचे, मग पट्टी काढून दगडाने घासून गुळगुळीत करायचे. कामात नसलेले धनुष्य तो कधी उभे ठेवत नसे, आडवेच ठेवी. लहान मुलाने ते ओलांडले तर बाण सरळ जात नाही, असे तो मानत असे.

हे वाचताना आम्हाला आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण झाली. विळीला, कोयत्याला पाय लागला तर नमस्कार करायला लावणारी, अवजार ओलांडू नको म्हणणारी, खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहणारी ही माणसे. समुद्राच्या दोन टोकांना राहणाऱ्या आणि एकमेकांचे नावही न ऐकलेल्या माणसांनी अवजाराशी वागण्याची हीच रीत धरली होती.

कागदाने काय लिहिले

आता तुकुदिकांविषयी बाहेरच्या लोकांनी काय लिहिले ते पाहू, कारण या लेखाचा खरा विषय तोच आहे.

ऑगस्ट १८०५ मध्ये लुइस आणि क्लार्क यांची सरकारी मोहीम शोशोनी लोकांना भेटली. लुइस यांनी दैनंदिनीत त्यांच्या धनुष्यांचे वर्णन केले आहे. रानमेंढ्याच्या शिंगाची धनुष्ये शिंगाचे सपाट तुकडे सरसाने जोडून आणि स्नायूने गुंडाळून केलेली, खूप सजवलेली असतात आणि लोक त्यांना फार मोलाची मानतात, असे ते सांगतात. म्हणजे दोन अखंड शिंगे जोडण्याखेरीज तुकडे जोडण्याचीही रीत होती.

तीस वर्षांनी, १८३५ च्या जुलैमध्ये, ऑस्बोर्न रसेल नावाचा एक फासे लावून बीव्हरची कातडी मिळवणारा माणूस यलोस्टोनच्या लमार नदीच्या खोऱ्यात शिरला. तेथे त्याला या लोकांचा एक छोटा गट भेटला. सहा पुरुष, सात बायका, आठ-दहा मुले आणि तीसेक कुत्रे. अंगावर उत्तम प्रतीच्या कातड्यांचे नीटनेटके कपडे होते. त्यांची धनुष्ये मेंढ्याच्या, रानरेड्याच्या आणि एल्कच्या शिंगांची, साळिंदराच्या काट्यांनी सजवलेली, सुमारे तीन फुटांची आणि देखणी होती. ही माणसे त्याला समाधानी आणि सुखी दिसली. धातूच्या वस्तू म्हणाल तर एक जुना सुरा आणि दोन निकामी बंदुका, एवढ्याच.

यानंतर चाळीस-बेचाळीस वर्षे जातात. १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान झाले. १८७७ ते १८८२ या काळात तेथील अधीक्षक फिलेटस नॉरिस हे होते. त्यांच्या अहवालांत हेच लोक भित्रे, निरुपद्रवी, खुजे असे दिसू लागतात. वाफेच्या कारंज्यांना भिऊन इंडियन लोक या भागात येतच नसत, ही समजूतही याच काळात पसरली. उद्यानात येणाऱ्या प्रवाशांना निर्धास्त वाटावे, तेथे पूर्वी कुणाचे घर नव्हते असे वाटावे, याला ही समजूत सोयीची होती. पीटर नाबोकोव्ह आणि लॉरेन्स लोएनडॉर्फ या संशोधकांनी पुढे ती साधार खोडून काढली.

त्याच सुमारास डोंगर रिकामे होत होते. १८६८ च्या फोर्ट ब्रिजर येथील तहाने पूर्व शोशोनींसाठी विंड रिव्हरचा राखीव प्रदेश ठरला होता. यलोस्टोनकडील पुष्कळ तुकुदिका तेथे, वॉशाकी या नायकाच्या लोकांत जाऊन राहिले. आयडाहोत १८७९ मध्ये लष्कराने तुकुदिकांविरुद्ध मोहीम काढली. शरण आलेल्यांना पुढे फोर्ट हॉलच्या राखीव प्रदेशात ठेवण्यात आले. डोंगर सुटला, मेंढे सुटले आणि हातात बंदूक आली. शिंग तापवून उलगडण्यात तीन महिने घालवण्याचे कारणच उरले नाही. बाप मुलाला जे शिकवत होता ते शिकवणे थांबले.

वाचकांनी हे दोन कागद शेजारी ठेवून पाहावेत. १८३५ चा कागद सांगतो की नीटनेटके, समाधानी लोक आहेत आणि त्यांच्या हातात देखणी धनुष्ये आहेत. १८८० च्या आसपासचा कागद सांगतो की दुबळे, भित्रे लोक होते. यातला कोणता खरा? कागदाविरुद्ध कागद ठेवला तर वाद संपत नाही. पण संग्रहालयात जपलेले धनुष्य साक्षीला आले की निकाल लागतो. ज्याने ते घडवले त्याला शिंगाचा, स्नायूचा, सरसाचा स्वभाव ठाऊक होता. त्याला अंगी धीर होता, हाताला माप होते आणि तीन महिने एका कामात घालवता येतील एवढी पोटाची सोय होती. उपाशी, घाबरून पळणारा माणूस अशी वस्तू घडवत नाही. २००६ मध्ये विंड रिव्हरच्या डोंगरात सुमारे ३,२०० मीटर उंचीवर साठेक घरांच्या जागा असलेली एक जुनी वस्ती सापडली. एवढ्या उंचीवर वस्ती करून राहणारे लोकही भित्रे म्हणता येत नाहीत.

कारागिरी पुन्हा हातात

हरवलेली विद्या परत मिळते का? मिळते, पण तिची किंमत मोजावी लागते.

तुर्कस्तानात शिंगाच्या धनुष्याची विद्या बुडत चालली होती तेव्हा सुलतान दुसरा महमूद याच्या काळात मुस्तफा कानी यांनी तिच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. तो १८३६ चा. म्हणजे रसेल लमारच्या खोऱ्यात गेला त्याच्या पुढच्याच वर्षीचा. त्या ग्रंथाच्या जर्मन भाषांतराच्या आधारे पॉल क्लोपस्टेग या अमेरिकन पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये तुर्की धनुष्यावर इंग्रजी पुस्तक लिहिले आणि अमेरिकेतल्या हौशी तिरंदाजांना शिंगाच्या धनुष्याची नीट ओळख झाली. ज्यांची विद्या त्यांच्याच माणसाने लिहिली, तिला शंभर वर्षांनी दुसऱ्या खंडातही वाचक मिळाला.

तुकुदिकांची विद्या त्यांच्यापैकी कुणी लिहून ठेवली नव्हती. म्हणून गेल्या काही दशकांत वायोमिंगमधल्या ज्या कारागिरांनी ही धनुष्ये पुन्हा करायचे मनावर घेतले, त्यांना संग्रहालयातली धनुष्ये पाहून, जुन्या दैनंदिन्या वाचून आणि मुख्य म्हणजे शिंगे वाया घालवत शिकावे लागले. शिंग किती तापवायचे, कुठे थांबायचे हे काचेच्या कपाटातली वस्तू सांगत नाही. ते हातालाच कळते. एका दुपारी बापाने मुलाला दाखवले असते ते शोधायला माणसाची वर्षे जातात. तरी त्यांनी ते केले, आणि आज अशी नवी धनुष्ये पाहायला मिळतात. विंड रिव्हरला राहणाऱ्या तुकुदिकांच्या वंशजांना आज त्यांकडे बोट दाखवून हे आमच्या लोकांचे काम, असे म्हणता येते.

आपली नोंदवही

आता आपल्याकडे येऊ. मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. आपल्यापैकी पुष्कळांनी तेथून आपल्या आजा-पणजांचे उतारे काढून आणले आहेत, चौकटीत घालून भिंतीवर लावले आहेत. त्यात नंबर असतो, नाव असते, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव आणि अंगावरची खूण. पुढच्या काळातल्यांचा फोटोही असतो. तो उतारा हातात आला की डोळ्यांत पाणी येते, आणि यावेही. पण तो कागद मळ्यावर मजूर पुरवणाऱ्यांनी मजूर ओळखण्यासाठी केला होता, हे विसरू नये. पळून गेला तर सापडावा म्हणून उंची, आणि खोटे नाव सांगितले तर पकडता यावा म्हणून खूण. कपाळावरचा व्रण त्यात आहे. हाताला काय येत होते, यासाठी त्यात रकाना नाही.

आणखी एक योगायोग पाहावा. त्या वह्यांत आपल्या माणसांना 'इंडियन' म्हटले आहे, आणि नॉरिस यांच्या अहवालात तुकुदिकांनाही 'इंडियन' म्हटले आहे. कोलंबसाच्या एका चुकीमुळे जगाच्या दोन टोकांच्या लोकांना एकच नाव मिळाले. दोघांविषयीही लिहिणारा दुसराच होता. त्याने जे मोजले ते लिहिले, आणि जे मोजता आले नाही ते सुटून गेले.

कोकणातून निघालेल्या जहाजांतून शेतकरी आले, तसे सुतार, लोहार, कोळी, विणकरही आले असतील. विजयदुर्गकडचा शिंग शेकून वाकवणारा एखादा हातही ऊस तोडायला लागला असेल. कागद त्याला मजूर म्हणतो. आपण त्याला तेवढेच म्हणत राहिलो तर दोष कागदाचा नाही, आपला.

तुकुदिकांना साक्षीला शिंगाचे धनुष्य तरी राहिले. आपल्या माणसांच्या हातची विद्या अशा टिकाऊ वस्तूत फार थोडी उतरली. ती झाकरीच्या ठेक्यात आहे, गणपतीची मूर्ती करताना माती मळण्यात आहे, मोदकाच्या कळ्या पाडण्यात आहे, टोपलीच्या विणीत आहे, पान्हा आटलेल्या गाईला काय द्यावे या म्हातारीच्या सांगण्यात आहे. ह्यातले काही अजून हातांत जिवंत आहे. ज्यांच्या हातांत आहे ती माणसे सत्तरी-ऐंशीची झाली आहेत.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना आमची एक विनंती आहे. घरातल्या उताऱ्याची प्रत काढा आणि तिच्याखाली आपल्या अक्षरात, मराठीत, एक रकाना वाढवा : हाताला काय येत होते. आजीला विचारा, मोठ्या काकांना विचारा, गावातल्या शेवटच्या ढोलकीवाल्याला विचारा. विचारताना लेकराला शेजारी बसवा आणि शक्य तर त्याच्याकडून ते काम एकदा करून घ्या. पीठ सांडेल, वीण चुकेल, ताल सुटेल. ते चालेल. ईशीजवळ बसून शिकणाऱ्या डॉक्टरांकडे पुस्तके पुष्कळ होती. तरी स्नायू चावून मऊ करायचा असतो हे त्यांना त्याच्याजवळ बसल्यावरच कळले.